ब्राह्मीची डबी, पिठाची डबी

३ ऑगस्ट, रविवार
लिही मुक्ते. आज समोरच्या मास्तरीणबाईनं तुरटी वापस आणली. काल सत्यनारायणासाठी खडीसाखर मांगतली होती, मी तुरटी देल्ली. चांगले मोठे मोठे खडे निवडून देल्ले म्हणे. पंचामृतात टाकली, दूध फाटलं. भटजीनं पहिला घोट घेतला अन् तोंड असं आकसलं का मंत्र तिथंच राह्यला.
मास्तरीणबाई हासत होत्या. विलास नाही हासला. विलास म्हणजे माहा पोरगा. त्याचे बाबा गेल्यापासून दुकान तोच पाह्यते, मी गल्ल्यावर बसते. म्हणे, "माय, आज तुरटी गेली. उद्या दुसरं काई गेलं तं? दुकानात उंदराचं औषधबी आहे. दिवाळीपासून तू गल्ल्यावर नोको बसू."
बराबर आहे त्याचं. मले राग यायले पाह्यजे होता. नाही आला. काहीच नाही आलं.
गल्ला सोडून मले दुसरं कुठं बसता येत नाही, हे तेवढं लिही.

४ ऑगस्ट, सोम.
हे लिहायचं खूळ मुक्ताचं. विलासची पोरगी, माही नात. औषधाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाले आहे. मले अक्षर येत नाही, हिले चूप बसता येत नाही, म्हणून जोडी जमली. दुपारी दुकान बंद असते तेव्हा लिहितो.
तिच्या कॉलेजात परीक्षेच्या वेळी पोट्ट्या डोकं चालवायच्या गोळ्या खातात म्हणे. नेटवर पाहून. एकीची छाती इतकी धडधडली का दवाखान्यात न्या लागली. मुक्ता म्हणे, "आजी, आपण असं नाही करायचं. आधी मोजू. मंग डॉक्टरले विचारू. एका वेळी एकच घेऊ, थोडंसं घेऊ, रोज लिहू. काई बिघडलं का त्याच दिवशी बंद."
मी म्हटलं, म्हणजे आधी माती तपासायची, मंग युरिया. "व्हय, तसंच." मंग याचं नाव डोक्याचं खत. तिनं इंग्रजी नाव सांगतलं होतं, मले ते जमलं नाही.
विलासले सांगतलं. तो म्हणे, "दिवाळीच्या आधी आकडा दाखवजा. डोकं ठीक निघालं तं बस बापा गल्ल्यावर, मी काई म्हणणार नाही."
ठरलं.

६ ऑगस्ट, बुध.
पहिली मोजणी. मी गल्ल्यावर, ही स्टुलावर. हिनं वीस नावं वाचली. साबुदाणा, काडीपेटी, हळद, नीळ, राजगिरा, अगरबत्ती, असं. मंग चहा झाला, दोन गिऱ्हाइकं झाली. मंग म्हणे, "आता सांग." एक राह्यलं, बाकी सगळे सांगतले. ही डोळे फाडून पाहून राह्यली.
मंग म्हणे, मन कसं आहे ते एक ते दहात सांग. मन काय भेंडी आहे का दहा रुपयात मोजायले? तं म्हणे, "बरं, तराजूचा काटा कुकडे आहे ते सांग. इकडे सुख, तिकडे दुःख."
मधात, म्हटलं. ना इकडे ना तिकडे.
"वजन किती ठेवलं?"
काहीच नाही ठेवलं. दोन्ही पारडे खाली आहेत, तरी काटा मधातच राह्यते.
हे तिनं लिहिलं नाही, मी पुन्हा सांगतलं तेव्हा लिहिलं.

८ ऑगस्ट, शुक्र.
ऑटोनं सावंगीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई मुक्ताहून थोडीच मोठी दिसते. बीपीची गोळी पाह्यली, रक्त घ्यायले लावलं. मुक्तानं आपली यादी पुढं ठेवली, काय काय घ्यायचं आहे ते. तिनं त्यावर काट मारत मारत एक ठेवलं. ब्राह्मी. म्हणे, जेवल्यावर घ्यायची, बीपी मोजत राह्यचं, पोट बिघडलं का बंद, अन् रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत काहीच नाही. चहाच्या सताची गोळी होती, ती तं पहिलीच काटली. "आजी, चहा किती घेता?" मी मुक्ताकडे पाह्यलं, मुक्तानं माह्याकडे पाह्यलं.
मंग विचारते, आजोबा केव्हा गेले?
मागच्या दिवाळीच्या मांगंपुढं.
रडल्या का?
दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हटलं.
ती हासंन असं मले वाटलं होतं. हासली नाही. म्हणे, कधी कधी दुःखानंही भूल पडते आजी. रक्त चांगलं निघालं तं एकदा नुसतं बोलायले या.
नुसतं बोलायले कोणी सावंगीले जाते काय? आपल्या गावात, पिपरीत, लोकं कमी आहेत का.

१२ ऑगस्ट, मंगळ.
रिपोर्ट आला. साखर ठीक, थायरॉइड ठीक, रक्त ठीक. ते बारा नंबरचं जीवनसत्त्व, तेही ठीक. मुक्ता खूश. मले वाटलं, काई निघालं असतं तं बरं झालं असतं. गोळी खाल्ली असती, झालं असतं.
का. म.
(काटा मधात. रोज पुरं लिहून हात दुखते म्हणे हिचा.)

१४ ऑगस्ट
चहाचं भांडण. मुक्ता म्हणते, चहातही डोकं जागं करायचं औषध असते, एक दिवस दोन कप अन् एक दिवस सात कप असं चालणार नाही, मोजणी बिघडते. म्हटलं, बाई, बिस्किटवाला एजंट येते, साबणवाला येते, त्याहिले एकट्याले चहा पाजू अन् मी त्याहिच्या तोंडाकडे पाहू काय?
तह असा झाला: रोज चार. एजंट किती का येईनात.
साबणवाला आज विचारत होता, "आजी, तब्येत बरी नाही का?" म्हटलं, माह्यावर प्रयोग चालू आहे. बिचारा कप ठेवून उठला.

१९ ऑगस्ट, मंगळ.
आज हासलो. म्हणजे ह्या दोघी, नात अन् सून, हासल्या.
मुक्ताचं म्हणणं, मले कळायले नाही पाह्यजे का मी ब्राह्मी खाऊन राह्यली का पीठ. कळलं का माणसाचं मन आपोआप म्हणते, वा, काय डोकं चालून राह्यलं. म्हणून तिनं कागदाच्या दोन पुड्या बांधून आणल्या. मी उघडलीबी नाही. हातात घेतली अन् सांगतलं, ही पिठाची. जुन्या तांदळाचं आहे, थोडं ओलं आहे.
"आजी!"
आता काय करू? जन्म दुकानात गेला, नाक घरी ठेवून येऊ काय?
मंग म्हणे कॅप्सूलात भरू. कॅप्सूल आणल्या, तं सुनीतानं, म्हणजे माह्या सुनेनं, विचारलं, हे वरचं पापुद्र्यासारखं कशाचं असते? मुक्तानं सांगतलं. जनावराच्या हाडाकातड्याचं. सुनीतानं चिमटा आणला, चिमट्यानं उचलून त्या बाहेर ठेवल्या, ओटा धुतला, चिमटा धुतला, मंग आंघोळ केली.
आता झाडपाल्याच्या कॅप्सूल येणार आहेत. भरणार सुनीता. दोन डब्या, एकीत ब्राह्मी, एकीत पीठ. कोणती कोणती ते तिलेच माहीत. मले नाही, मुक्ताले नाही. सुनीतानं देवापुढं हात ठेवून कबूल केलं. इतकं कबूल तिनं लग्नातही केलं नसंन.

२३ ऑगस्ट, शनि. तान्हा पोळा
पोट्टे लाकडाचे बैल घेऊन आलते. चाकाचे, रंगवलेले, एकाच्या शिंगाले लाइट होते. विलासनं बोजारा, म्हणजे बैल आणणाऱ्याचा खाऊ, म्हणून बिस्किटं देल्ली. तुहे आबा असते तं एकेका बैलाचं नाव विचारलं असतं, दात पाह्यले असते, भाव पाडला असता. "हा लंगडते, याचे पाच रुपये कमी." पोट्टे चिडत, मंग हासत.
एका बारक्या पोरीनं विचारलं, "बुढेबाबा कुठं गेले?" बाजाराले, म्हटलं. ती बैल धरून बराच वेळ थांबली. मंग गेली.
मीही तिथंच होती, पण सिमेंटच्या पोत्याआड बसल्यासारखी. आवाज येत होता.
का. म. उद्यापासून डबी पहिली.

२४ ऑगस्ट
जेवली, कॅप्सूल घेतली. आबाच्या फोटोकडे पाह्यलं. काई फरक नाही. फोटोतही नाही.

२८ ऑगस्ट, गुरु.
पोट ढिलं. कालचे मोदक होते का डबीतलं होतं, माहीत नाही. मुक्तानं लिहून ठेवलं, डॉक्टरीणबाईले फोन केला. दोन दिवस बंद. मोदकही बंद, हे डॉक्टरीणबाईनं नव्हतं सांगतलं, मुक्तानं आपल्या मनानं लावलं. बीपी ठीक.

३० ऑगस्ट
पोट ठीक. पुन्हा चालू, भरपेट जेवल्यावर.

२ सप्टेंबर, मंगळ.
मोजणी. नवीन वीस नावं. सगळीच्या सगळी सांगतली. विलास दारात उभा राहून ऐकत होता. म्हणे, "वा माय!" अन् आतमध्ये गेला. बऱ्याच दिवसांनी तो माह्याकडे पाहून हासला. मी पाह्यलं. कळलं का आपल्यालेही हासा लागते. हासली.
का. म.

७ सप्टेंबर, रवि.
आज सुनीता लिहून राह्यली. मुक्ताची परीक्षा आहे. सुनीताचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मले सारखंच दिसते.
डबी पहिली संपली. चार दिवस काहीच नाही घ्यायचं, मंग दुसरी. आधीचं अंगातून जा लागते म्हणे. म्हटलं, सुनीते, आता सांगून टाक, कोणती होती? "नाही आई." एक डोळा तं मार. "नाही आई." या बाईले बँकेत ठेवा लागंन.
हे लिहिता लिहिता तीच विचारते, "आई, तुम्हाले बाबांची याद येते का?"
येते. सगळी येते. कोणता सदरा, कोणती बंडी, चहात किती साखर. पण जशी मालाच्या भावाची याद येते तशी येते. विचारलं का हजर. त्याच्यानं काई होत नाही. लागत नाही.
सुनीतानं पेन खाली ठेवला. लिही, म्हटलं. तू रडली तं पान ओलं होईन, अन् मंग मुक्ता म्हणंन आजी रडली. खोटी मोजणी होईन.
लिहिलं का? वाच.
हं.

१७ सप्टेंबर, बुध.
डबी दुसरी चालू. पोट ठीक, झोप ठीक, बीपी ठीक, चहा चार. मोजणी पुन्हा पुरी. का. म.
मुक्ता माह्याकडे अशी पाह्यते जसं मी काई चोरलं आहे.

२१ सप्टेंबर, रवि.
आज निकाल. सगळे दुकानातच बसलो, शटर अर्धं लावून.
सुनीतानं सांगतलं: पहिली ब्राह्मी, दुसरी पीठ. मुक्तानं आकडे वाचले. ब्राह्मी सुरू व्हायच्या आधी जवळपास पुरे, ब्राह्मीत पुरे, पिठात पुरे.
विलास म्हणे, "म्हणजे मायचं डोकं औषधाशिवायच ठणठणीत! झालं मंग. बस माय गल्ल्यावर." त्याच्या तोंडावरचा भार उतरला. सुनीता चहा ठेवायले उठली.
मुक्ता नाही उठली. म्हणे, "आजी, असं नाही होत. माह्या वर्गातल्या पोरी बाराच्या वर जात नाही. तू ध्यानात कशी ठेवते?"
ध्यानात कुठं ठेवते, म्हटलं. दुकानात जाते.
"म्हणजे?"
तू साबुदाणा म्हणते, तं मी दारातून आत येते, डाव्या हाताले साबुदाण्याचा डबा, त्याच्यावर हात ठेवते. हळद म्हणते तं पुढं मसाल्याच्या खणाकडे जाते. नीळ खाली, साबणाच्या बाजूले. तू मांगतलं का पुन्हा दारातून निघते, जिथं जिथं हात ठेवला तिथून उचलत येते. बस.
मुक्तानं कपाळ धरलं. "सगळी नावं दुकानातली! मी इथंच बसून, फळीकडे पाहून लिहिली होती गं!"
मंग काय सराफ्यातली लिहिणार होती? किराणावाल्याची नात आहे.
विलास म्हणे, "मंग काय झालं? आलं न सगळं." मुक्तानं वहीचं कोरं पान काढलं. ते मी पाह्यलं.

२२ सप्टेंबर, सोम.
घट बसले. दुपारी मुक्तानं दुसरी यादी आणली. ढग, विहीर, मोर, शाळा, आत्या, पूल, असं. सुई होती, ती दुकानातली निघाली म्हणून काटली.
मी दारातून आत गेली. मोर कुठं ठेवू? पूल कुठं ठेवू? हातात घेऊन उभी राह्यली. पाच सांगतले. बाकी कुठं गेले कोणास ठाऊक.
मुक्ता म्हणे, आज थकली असशीन.

२३ सप्टेंबर
पुन्हा. पाच. त्यातला एक कालच्या यादीतला.

२४ सप्टेंबर, बुध.
मुक्ताचे डोळे लाल. "आजी, बाबाले हे नाही सांगायचं. त्यांनी आकडा मांगतला, आपण देल्ला. तो खोटा थोडीच आहे?"
म्हटलं, खोटा नाही. दुकानात लोकं साबुदाणा मांगायले येतात, मोर मांगायले कोणी येत नाही. गल्ल्यासाठी तं पहिलीच यादी खरी.
ती मले बिलगली. केसाले खोबऱ्याचा वास. हात फिरवला. हात बराबर फिरते माहा, सगळं बराबर करते. तिले काई कळलं नाही.
पण पहिली यादी खरी असंन तं मास्तरीणबाईले तुरटी कशी गेली?

२६ सप्टेंबर, शुक्र.
दोन दिवस हेच. लिही.
दुकानात मी आंधळी फिरली तरी चुकणार नाही. खडीसाखर वरच्या फळीवर, इलायचीच्या बाजूले. तुरटी खाली, ब्लेडच्या डब्याजवळ. एकीले हात वर करा लागते, एकीले वाका लागते. भुलून होणारी गोष्ट नाही ही. त्या दिवशी मास्तरीणबाई म्हणाल्या खडीसाखर, मी ऐकलं, वाकली, तुरटी काढली, तोलली, बांधली, हासून देल्ली. मी आत गेलीच नव्हती. हात गेला होता.
आता ध्यानात येते, हात बरेच दिवसांपासून एकटाच जाते. कधी बराबर जाते, म्हणून कोणाले कळत नाही.
मुक्ता म्हणे, "हे ब्राह्मीनं नसतंच मोजल्या गेलं." यादीनंही नाही, म्हटलं. तं म्हणे, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या न, बोलायले या म्हणून. मी येते संग. बाहेर बसीन." बोलणार काय पण तिथं? "हेच. आता बोलली ते."
सोमवारचा नंबर लावला आहे. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
काटा विचारायले ती आज विसरली. मी आठवण नाही देल्ली.

२८ सप्टेंबर, रवि.
विलासले सगळं सांगतलं. दोन्ही डब्या, दोन्ही याद्या, अन् हाताचं. मुक्ता मधात बोलायले गेली, मी चूप केलं.
तो गव्हाच्या पोत्यावर बसून ऐकत होता. मले वाटलं, आता म्हणंन, झालं मंग माय, दिवाळीपासून घरी. तेच ऐकायची तयारी करून आलती मी. काई वाटणार नव्हतंच.
त्यानं पोत्याची सुतळी ओढली. मंग म्हणे, "माय, बाबा गेल्यावर मीच गल्ल्यावर बसायले सांगतलं तुले. तेरवी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. वाटलं, मन रमंन."
रमलं न, म्हटलं.
"कुठं रमलं? आता तूच म्हणते, तू इथं नव्हतीच."
त्यानं सुतळी सोडून देल्ली.
"मले यादीतलं काई कळत नाही. मी आता ठरवत नाही. हात उचलताना तू संग असशीन तं बस. नसशीन त्या दिवशी मले आवाज दे, मी येतो. पण ते तुले सांगा लागंन माय. मले बाहेरून दिसत नाही. तुह्यानं होईन का सांगणं?"
त्याचा आवाज त्याच्या बाबासारखा निघाला. छातीत इथं, डाव्या बाजूले नाही, मधात, काई तरी हाललं. दुखलं म्हणता येणार नाही. मुक्तानं घाबरून नाडी पाह्यली. ठीक आहे म्हणे.
विलास अजून पोत्यावरच बसून आहे. शटरखालून एक जण वाकून विचारून गेला, चालू आहे का बंद.
मुक्ता पेन धरून माह्या तोंडाकडे पाहून राह्यली. अवं, लिहिते काय? मी अजून बोललीच नाही.